शंभरीचा सोहळा करा, पण आजींना मखरात बसवू नका

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमच्या आजेसासूबाई गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि एप्रिलअखेरीस त्यांना शंभर वर्षं पूर्ण होताहेत. घरातली पुरुषमंडळी हॉल बघायला लागली आहेत. अडीचशे पानं, शंभर दिव्यांचं औक्षण, गुळाची तुला, कुणातरी पुढाऱ्याच्या हस्ते शाल-श्रीफळ. सासूबाई म्हणतात, घरीच सत्यनारायण घालू आणि जवळच्यांना जेवायला बोलवू. खुद्द आजी म्हणतात, "माझं मेलीचं कसलं कौतुक!" आणि डॉक्टरांशी बोलायचं खातं घरात तुमच्याकडे असल्यामुळे निवाडा तुमच्या गळ्यात आलाय.

मी वृद्धांवर उपचार करते. लालबाग, परळ, दादर, गिरगाव या पट्ट्यात घरी जाऊन तपासायचे माझे बहुतेक पेशंट ऐंशीच्या पुढचे आहेत. अशा सोहळ्याआधी "आईला झेपेल ना?" विचारायला मला बोलावतात, आणि पुष्कळदा सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी परत बोलावतात. माझं मत सरळ आहे. सोहळा जरूर करा, पण आजींना मखरात बसवायचं आणि लोकांनी रांगेने दर्शन घ्यायचं, असा करू नका. त्या दिवशी त्यांच्या हाताला काम हवं. शंभर वर्षांचं माणूस एरवी दिवसभर घेतच असतं. कुणी अंघोळ घालतं, कुणी भरवतं, कुणी गोळी पुढे करतं. सत्काराच्या दिवशीही फक्त घ्यायचंच, तर त्यात मान कसला? त्यांना देणाऱ्याच्या जागी बसवा. जागा, वेळ, पाहुण्यांचा आकडा हे सगळं त्यावरून ठरू द्या.

पहिल्यांदा आजींच्या त्या "मेलीचं कसलं कौतुक"चा छडा लावा. दुपारी घर शांत असताना, एकट्या असताना विचारा. काही बायका रीत म्हणून नको म्हणतात आणि मनातून कुठलं पातळ नेसायचं ते ठरवत असतात. काहींना दृष्ट लागायची धास्ती असते. त्यांच्यासाठी फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवरचा गाजावाजा टाळला की पुरे. पण "देव मला का नेत नाही" हे रोजचंच झालं असेल, जेवण उतरलं असेल, पहाटे तीनलाच जाग येत असेल, तर ते म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. उदासपणाचा आजार शंभराव्या वर्षीही होतो आणि औषधाने उतरतो. मग आधी तो उपचार, सोहळा नंतर.

मुंबईने शंभरीच्या दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. महर्षी धोंडो केशव कर्व्यांना १८ एप्रिल १९५८ रोजी शंभर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ब्रेबॉर्न स्टेडियमवर जाहीर समारंभ झाला. पंडित नेहरू आले होते. टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं, हयात माणसावर निघालेलं आपल्याकडचं ते पहिलंच. त्याच वर्षी भारतरत्नही मिळालं. पण अण्णासाहेब म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर महिला विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करत परदेश पालथे घातलेले, १९४४ साली, शहाऐंशीच्या घरात, समता संघ काढलेले गृहस्थ. सभा आणि गर्दी हा त्यांच्या जन्माचा व्यवहार होता. दुसरी तऱ्हा जानेवारी २०२० मधली. जुने क्रिकेटपटू आणि क्रिकेटचे इतिहासकार वसंत रायजी शंभर वर्षांचे होत होते. सचिन तेंडुलकर आणि स्टीव्ह वॉ त्यांच्या दक्षिण मुंबईतल्या घरी गेले, केक कापला आणि त्यांच्याकडून जुन्या गोष्टी ऐकल्या. १९३३ साली बॉम्बे जिमखान्यावर झालेला भारतातला पहिला कसोटी सामना रायजींनी डोळ्यांनी पाहिला होता. त्या खोलीत देणारा कोण आणि घेणारे कोण, हे सांगायला नको. मला ही तऱ्हा जास्त आवडते, आणि तुमच्या आजी स्टेडियमच्या नाहीत हे तुमच्या वर्णनावरून कळतंच आहे.

आता हॉलचं. तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या जिन्याने त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं, एप्रिलच्या उन्हात गाडीत घालायचं, आणि रात्री परत चढवायचं. चाळीच्या जिन्याचं वळण अरुंद असतं. तिथे खुर्ची तिरकी करावी लागते आणि नेमकी तिथेच त्या घाबरून कठडा धरतात. या वयात हाडं ठिसूळ असतात. माझं ऐकाल तर चाळीची गॅलरी हाच तुमचा हॉल. गॅलरीत खुर्च्या मांडा, शेजारच्या दोन खोल्या मागून घ्या, गिरगावात त्याला कुणी नाही म्हणत नाही. अडीचशे पानांचं जेवण हॉलमध्ये संध्याकाळी वेगळं घाला, आजींशिवाय. पुरुषमंडळींची हौस फिटेल आणि आजी आपल्या पलंगावर असतील.

वेळ सकाळची ठेवा, साडेनऊ ते साडेअकरा, मध्ये अर्धा तास आडवं होऊन. उतारवयात बऱ्याच जणांचं चित्त संध्याकाळी गोंधळतं. दिवसभर नीट बोलणारी बाई दिवेलागणीला "मला घरी न्या" म्हणायला लागते, घरातच बसून. संध्याकाळी सातचा मुहूर्त म्हणजे हे ओढवून घेणं. जेवणानंतर तासाभरात रक्तदाब उतरतो, म्हणून जेवून लगेच उभं करू नका. उठवायचंच तर आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा. आणि पाणी तोडू नका. कार्यक्रमात मध्येच संडासला न्यायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न देणारी घरं मी पाहते, आणि संध्याकाळी सलाईन लावायला मीच जाते. या वयात तहानच कमी लागते. तासातासाला चार घोट हातात द्या आणि कमोडची खुर्ची पडद्याआड जवळ ठेवा.

कानांचं वेगळंच असतं. म्हाताऱ्या कानाला आवाज कमी येतो यापेक्षा शब्द सुटे येत नाहीत ही खरी अडचण. माइक आणि स्पीकर लावून ती वाढते. कानातलं यंत्र तर सगळा कल्ला मोठा करून देतं. एकाने समोर बसायचं, तोंड दिसेल असं, आवाज थोडा जड ठेवून सावकाश बोलायचं. आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगून ठेवा की "ओळखलंत का मला?" हा प्रश्न विचारायचा नाही. शंभर वर्षांच्या बाईची सगळ्यांसमोर परीक्षा घेण्यासारखं ते आहे, आणि बिचाऱ्या खजील होऊन खोटंच हो म्हणतात. आपण होऊन सांगावं, "आजी, मी पनवेलच्या सुमनचा धाकटा." बास.

पाया पडण्याची रांग लावू नका. वाकणारा प्रत्येक जण पाय जरा ओढतो. या वयाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, अंगठीचं टोकसुद्धा लागतं. हार घालायचाच तर मोगऱ्याचा हलका, एकच. झेंडूचे भरगच्च हार पोक आलेल्या मानेला ओझं होतात. सर्दी-खोकला असलेल्या लाडक्या पणतवंडाला त्या दिवशी लांबूनच टाटा करू दे, त्यात भीड नको.

तोंड गोड करण्याबद्दल. त्या दिवशी साखरेची काळजी करू नका, गळ्याची करा. मधुमेह असला तरी शंभराव्या वर्षी चमचाभर श्रीखंडाने काही बिघडत नाही. पण कोरडा पेढा किंवा रव्याचा लाडू टाळूला चिकटतो, घशात ठसका लागतो, आणि तो घास श्वासनळीत गेला तर दोन दिवसांनी न्यूमोनिया. फोटोसाठी प्रत्येक जण एकेक पेढा कोंबतो, हे तर अजिबात नको. ताठ बसवून, कवळी नीट बसली आहे ना ते बघून, एकाच माणसाने भरवायचं.

धर्मकृत्यांकडे वळते, कारण खरी खेचाखेच तिथेच असेल. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब तुम्हाला ठाऊक असेल. पौर्णिमेपासून पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांवर येते, त्यामुळे हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि वर जवळपास दहा महिने लागतात. आजींच्या पौर्णिमा आता साधारण १,२३७ होतील. तेव्हा मुहूर्ताची घाई करायचं कारण नाही, ऊन कमी असलेला दिवस बघा. होम करायचाच तर लहानसा, गॅलरीत, वारा बाहेर जाईल अशा बाजूला. बंद खोलीतला धूर म्हाताऱ्या फुप्फुसांना सोसत नाही. आजींनी पाटावर बसायला हवं असं नाही, खुर्ची चालते, आणि संकल्प मुलाने सोडलेला चालतो. जाणत्या गुरुजींना हे सांगावं लागत नाही. शंभर दिवे टेबलावर लांब मांडा, देखणे दिसतात. हातातल्या तबकात पाचच ठेवा. आजींना सुती किंवा रेशमी नेसवा, सिंथेटिक नको. आणि घरात ऑक्सिजनचं मशीन किंवा सिलेंडर चालू असेल तर त्या खोलीत एकही ज्योत नको. यात तडजोड नाही.

तुला मला मनापासून आवडते, पण काट्याच्या पारड्यात आजींना बसवू नका. आदल्या आठवड्यात घरी वजनकाट्यावर वजन घ्या. या वयाच्या बायका बहुतेक चाळीस किलोच्या आत-बाहेर असतात, त्यामुळे खर्चही बेताचाच. तेवढा गूळ, तांदूळ किंवा वह्या घ्या आणि कुणाला द्यायच्या ते आजींना ठरवू द्या. माझ्या एका पेशंटबाईंनी ठासून सांगितलं होतं की तांदूळ देवळात द्यायचा नाही, चाळीचा जिना झाडणाऱ्या बाईला द्यायचा. घरच्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. पण हाच त्या दिवसाचा खरा मानाचा क्षण. शंभर वर्षांच्या बाईने एक गोष्ट ठरवली आणि ती घराने पाळली.

असंच आणखी द्यायला लावा. पणतवंडांच्या हातात नोटेचं पाकीट त्यांनीच ठेवावं. घरातल्या लेकी-सुनांच्या ओट्या त्यांनीच भराव्यात, हात थरथरत असेल तर तुम्ही खालून धरा. आजी विधवा आहेत म्हणून कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या. कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, त्यालाही सव्वाशेवर वर्षं होऊन गेली. आपण अजून ओटीवर अडून बसलो तर कठीण आहे.

स्लाइड शोबद्दल मात्र सावध राहा. शंभरी गाठलेल्या बाईने बहुतेक वेळा नवरा, भावंडं आणि निदान एखादं लेकरू पोचवलेलं असतं. भिंतीवर एकामागून एक गेलेली माणसं दाखवायची आणि गाणं लावायचं, हे कुणासाठी? काही घरांत मुलगा गेल्याचं आईला सांगितलेलंच नसतं. मग एखादा लांबचा पाहुणा येऊन हळहळतो आणि सगळं बाहेर येतं. तुमच्याकडे असं काही झाकलेलं असेल तर ते कार्यक्रमाआधी, घरातल्या विश्वासाच्या माणसाने, हात धरून सांगावं. फोटो हवेच असतील तर आजींना आधी दाखवा आणि त्यांनी निवडलेलेच लावा. त्यापेक्षा आतापासून रोज सकाळी पाच-दहा मिनिटं त्यांचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा. "तुमचं बालपण सांगा" असं मोघम विचारलं की काही निघत नाही. "ट्राम बंद झाल्यावर तुम्ही कशाने जायचात?", "युद्धात रेशनवर काय मिळायचं?" असं विचारा. मग बघा.

वयाबद्दल एक खुंटी हलवून बघणं राहिलं. तुमच्याकडे आजींच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे आणि घरचे एप्रिल म्हणतात, हे तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय. महाराष्ट्रात अर्ध्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. साल तरी बरोबर आहे का ते ताडून पाहा. १४ एप्रिल १९४४ला गोदीत स्फोट झाला तेव्हा त्या कुठे होत्या, लग्न झालं होतं का, थोरला किती वर्षांचा होता, असे दोन-तीन खुंटे धरले की हिशेब जुळतो किंवा फिसकटतो. शिवाय शंभराव्या वर्षात पदार्पण म्हणजे ९९ पूर्ण. फ्लेक्सवर ही गफलत फार होते. आपल्या २०११च्या जनगणनेत शंभरी ओलांडलेले जवळपास सहा लाख लोक नोंदले गेले, तर म्हाताऱ्यांचा देश समजल्या जाणाऱ्या जपानमध्ये त्या वर्षी पन्नास हजारही नव्हते. आपला आकडा म्हणजे बराचसा अंदाजपंचे वय सांगण्याचा प्रताप.

जपानचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. तिथे १९६३ पासून शंभरीत येणाऱ्या प्रत्येकाला सरकार चांदीचा साके प्यायचा पेला देतं. तेव्हा असे १५३ जण होते. २०२४ साली शंभरी पार केलेले ९५ हजारांवर गेले, दहातल्या जवळजवळ नऊ बायका, आणि पेल्याला २०१६ पासून नुसता चांदीचा मुलामा असतो. २०१० साली टोकियोतल्या सर्वांत वृद्ध पुरुषाचा, कागदोपत्री १११ वर्षांच्या, सत्कार करायला अधिकारी गेले. तर गृहस्थ १९७८च्या सुमारासच वारलेले निघाले, घरातच, आणि पेन्शन चालूच होती. त्यानंतर असे बेपत्ता शतायुषी तिथे ढिगाने सापडले. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि मंडळांनी १ ऑक्टोबरला, ज्येष्ठांच्या जागतिक दिनी, यादी वाचून प्रमाणपत्रं पोचती करण्यापेक्षा वर्षातून दोनदा घरी जाऊन माणूस बघावं असं मी म्हणते, ते यासाठीच.

पैशांचं काम सोहळ्याआधी उरका. आजेसासरे रेल्वेत होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आजींना केंद्राच्या नियमाने कुटुंब निवृत्तिवेतन असणार. त्यात ८० पूर्ण झाल्यावर मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५०, आणि शंभरला १०० टक्के. म्हणजे मूळ पेन्शन नऊ हजार असेल तर ती अठरा हजार होते, वर महागाई भत्ता. शंभरी ज्या महिन्यात भरते त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. पण पेन्शनच्या कागदावर बायकोची जन्मतारीखच नसते किंवा चुकीची असते, आणि मग बँक काही करत नाही. ८०चे जादा पैसे तरी मिळताहेत का, ते पासबुकात आजच बघा. नसतील तर थकबाकी मागता येते. हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत नेऊ नका. बोटांचे ठसे या वयात झिजलेले असतात, मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. ही दुप्पट पेन्शन आजींच्या हातात, त्यांच्या नावाने, पाकिटात घालून द्या. पुढाऱ्याच्या शालीपेक्षा त्यांना ती जास्त कळेल.

आणि शाल द्यायचीच असेल तर ती तुमच्या सासूबाईंना द्या. त्या स्वतः सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या, आणि कितीतरी वर्षं या आजींचं सगळं करताहेत. शंभरीच्या घरात दुसरी म्हातारी असतेच आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. रात्रपाळीच्या मावशींनाही त्याच वेळी, सगळ्यांसमोर, चांगलं पातळ द्या. आतल्या खोलीत नेऊन नाही.

वार्ताहर आला आणि "दीर्घायुष्याचं रहस्य काय?" विचारलं तर आजींना जे सुचेल ते बोलू द्या. नाचणीची भाकरी म्हणोत नाहीतर रोजची तपकीर. रहस्य वगैरे काही नसतं, आईवडिलांकडून आलेला पिंड आणि पुष्कळसं नशीब.

शेवटचं, आणि हे घरात तुम्हीच बोला, कारण पुरुष बोलणार नाहीत. या वयात तब्येत आठवड्यात बदलते. केटररला आणि हॉलवाल्याला आधीच विचारून ठेवा की दोन दिवस आधी रद्द केलं तर अनामत किती परत मिळेल, आणि ते लिहून घ्या. आमंत्रणात "आजींची भेट सकाळी, प्रकृतीनुसार" एवढं छापा. त्या दिवशी सकाळी उठून आजी म्हणाल्या की आज नको, तर पाहुण्यांना गॅलरीत चहा-पोहे देऊन पाठवायचं, हे आत्ताच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. दुसऱ्या दिवशी कुणालाही बोलावू नका. ताप, नेहमीपेक्षा जास्त झोप किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर थकवा समजून थांबू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा.